अर्धी पाटी, पूर्ण गाडी

एसटीच्या नव्या गाडीचा फोटो काढून बघा. भर दुपार, वैजापूरचा स्टँड, काचेवर एलईडीची पाटी लखलखतेय, नाव डोळ्यांना ठसठशीत दिसतंय. मोबाइलमध्ये मात्र वायपरवरची धूळसुद्धा स्पष्ट आणि पाटीवर 'वै'ची एक मात्रा, मध्ये काळा पट्टा, शेवटी लोंबकळणारा 'पू'चा ऊकार. गाडी नक्की कुठे चाललीय हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक!

लगेच महामंडळाच्या नावाने बोटं मोडू नका. या एका बाबतीत महामंडळ निर्दोष आहे. (हे वाक्य या सदरात पुन्हा येणार नाही. कात्रण जपून ठेवा.)

त्या पाटीतले सगळे दिवे एकाच वेळी लागतच नाहीत. काही ओळी पेटतात, विझतात, मग पुढच्या पेटतात. समजा हे चक्र सेकंदाला १०० वेळा फिरतं. डोळा भोळा, तो सगळं जुळवून घेतो. मोबाइल उन्हात शटर जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतो, त्यामुळे त्याच्या हाती चक्राचा एक दशांश लागतो. थोडक्यात, पूर्ण 'वैजापूर' त्या पाटीवर कोणत्याच क्षणी नसतं. असते ती आपली समजूत. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांचं तंत्रही साधारण हेच.

देवनागरीचे हाल तर विचारू नका. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार आणि मोजक्या दिव्यांत जोडाक्षरं बसवायची. त्यात नेमकी शिरोरेषेची ओळ विझलेली सापडली की 'भ' कुठला आणि 'म' कुठला? 'घ' आणि 'ध' यांचंही तेच. 'औरंगाबाद' पाच अक्षरांत आटपायचं. २०२३ पासून 'छत्रपती संभाजीनगर' म्हणजे दहा अक्षरं, वर 'मार्गे लासूर' आहेच. पाटीची रुंदी तेवढीच, मग नाव सरकवत न्यायचं. थांब्यावरचा माणूस 'छत्रपती' वाचतो तोवर गाडी निघालेली असते.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी सुटली, तेव्हा ही भानगड नव्हती. रंगवलेली पाटी कुठल्याही कॅमेऱ्यात अख्खी येते. तिचा दोष एवढाच, की गाव बदललं की पेंटर शोधावा लागतो. २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली आणि पुढे दोनच वर्षांत नगरचं अहिल्यानगर झालं. या महाराष्ट्रात बटण दाबून बदलणारी पाटी ही चैन नव्हे, गरज आहे.

तरी फोटो हवाच असेल, तर मोबाइलमधला 'प्रो मोड' उघडा, शटर एक साठांश सेकंदावर आणा, आयएसओ अगदी कमी करा. तरी उन्हात फोटो पांढराफटक पडेल, म्हणून संध्याकाळी या. गाडी फलाटावर उभी असतानाच काढा, धावती असेल तर पाटीसकट गाडी पुसेल. नाव सरकत असेल तर एवढ्या संथ शटरमध्ये अक्षरं फरफटतात, तेव्हा ते क्षणभर थांबेल त्याची वाट बघा. आपल्याकडे गाडीची वाट बघायची सवय आहेच, त्यात पाटीची भर.

खरी पंचाईत लोकार्पणाची. हार झळकतो, नारळ झळकतो, साहेबांचा हसरा चेहरा झळकतो आणि मागच्या पाटीवर चार ठिपके. एक साठांश ठेवला तर पाटी नीट वाचता येईल. पण साहेब झेंडा हलवताना हात हलवणार, मान वळवणार, म्हणजे तेच धूसर येणार. दोन्ही स्पष्ट हवं असेल तर साहेबांनी क्षणभर हलायचं नाही. फोटोग्राफरने हे त्यांना सांगून बघावं.