रुग्ण आत्ता कुठे आहे?

जून २०२०. भुसावळच्या ८२ वर्षांच्या एक कोरोनाबाधित आजी जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या आणि तिथेच बेपत्ता झाल्या. घरचे शोधत राहिले, पोलिसांत तक्रार गेली. आठ दिवसांनी, १० जूनला, आजींचा मृतदेह सापडला तो त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. देशभरच्या वर्तमानपत्रांत जळगावचं नाव आलं ते असं.

आम्ही जळगावातल्या मेहरूणचे लोक दुखलं-खुपलं की सिव्हिलच गाठतो. तांबापुऱ्यातला हमाल तिथेच जातो, एमआयडीसीत मशीनवर बोट गमावलेला कामगारही तिथेच जातो. म्हणून आरोग्यखात्याच्या नव्या ॲपची फीत कापली जाते तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या यंत्रणेला सांगता येतं का, की रुग्ण आत्ता कुठे आहे?

हे सांगणं फार अवघड नाही. दाखल होताना मनगटाला बारकोडची पट्टी बांधायची. ताप बघताना, गोळी देताना, एक्सरेला नेताना सिस्टरने ती पट्टी स्कॅन करायची. एखाद्या खाटेवर चार-सहा तास काहीच नोंद झाली नाही, तर वॉर्डच्या टेबलावर लाल खूण आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या फोनवर निरोप. मग उठून बघायला जायचं, वॉर्ड, व्हरांडा, स्वच्छतागृह, सगळीकडे. खाटा, केसपेपर आणि लॅबचे रिपोर्ट एकत्र ठेवणारी एनआयसीची ई-हॉस्पिटल प्रणाली सरकारकडेच आहे आणि ती आजची नाही. पण लाल खूण उठली आणि रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच सिस्टर असेल, तर ती खूण बघणार कोण? डिजिटलच्या नावाखाली माणसं कमी करायचा बेत असेल, तर तो आत्ताच सोडून द्या.

आता पिशवी बघा. चोपडा-यावलच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून रेफर होऊन आलेल्या बाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. घडीवर फाटलेली चिठ्ठी, दोन वर्षांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट, फिका पडलेला सोनोग्राफीचा कागद आणि रिकामं गोळ्यांचं पाकीट. ही पिशवी म्हणजे तिची फाइल. ती एसटीत राहिली की सगळ्या तपासण्या पुन्हा. पैसे पुन्हा, सुई पुन्हा. डॉक्टर विचारतात, आधी कोणती गोळी चालू होती? ती सांगते, पांढरी. एवढ्यावर डॉक्टरांनी औषध लिहायचं.

यावर उपाय म्हणून २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. प्रत्येकाला आभा, म्हणजे आरोग्यनोंदींसाठीचा चौदा आकडी क्रमांक. कल्पना उत्तम आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण गावोगाव शिबिरं होतात, कार्डं निघतात, लॅमिनेट होऊन कपाटात जातात आणि आकडा वर कळवला जातो. कार्डं किती काढली हे मला सांगू नका. त्या क्रमांकावर किती डिस्चार्ज कार्डं चढली, ते सांगा. ज्या आभावर एकही रिपोर्ट नाही, त्याचा त्या पाड्यावरच्या बाईला काडीचा उपयोग नाही.

नोंदणीला लागणाऱ्या ओटीपीचंही तसंच. खान्देशातली कित्येक तरणी पोरं सुरतेला आणि घरचा फोन एकच, तोही पोराजवळ. म्हातारी केसपेपरच्या खिडकीपाशी उभी आणि ओटीपी सुरतेत वाजतो. पोरगा पाळीवर असेल तर म्हातारीचा रांगेतला नंबर गेला.

चांगलं उदाहरणही आहे. क्षयरोगाचं निक्षय पोर्टल २०१२ पासून चालू आहे. रुग्णाची नोंद झाली की त्याचा आयडी त्याच्याबरोबर फिरतो. उपचार सुरू असताना माणूस ऊसतोडीला गेला, सुरतेला गेला, तरी तिथल्या केंद्राला कळतं की याचे डोस कुठवर आले. पोषणासाठीचे पैसे थेट खात्यात येतात, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. पैसे रखडतात, औषधही कधी तुटतं, ते भांडण वेगळं. पण तिथे आयडीच्या मागे खरा उपचार आहे आणि डोस चुकला तर घरी जाऊन विचारणारी आशाताई आहे. म्हणून ते टिकलं.

सिस्टरांचं कोणी विचारतच नाही. एकच नोंद रजिस्टरात, मग कॉम्प्युटरवर, मग आणखी एका योजनेच्या पोर्टलवर. तीन ठिकाणी तेच लिहिणारी बाई सलाईन संपलंय हे कधी बघणार? नवी प्रणाली आणताना जुनं रजिस्टर बंद करण्याचा लेखी आदेश त्याच दिवशी निघाला पाहिजे. तो निघत नाही, कारण उद्या चौकशी लागली तर हातात कागद हवा असतो.

कंत्राटं करणाऱ्यांनीही ऐकावं. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांमधली एचएमआयएस ही रुग्णनोंदींची संगणक प्रणाली कंपनीशी झालेल्या वादात बंद पडली आणि डॉक्टर पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तिथेही कित्येक दिवस कागदावरच काम चाललं. रुग्णाची माहिती ही रुग्णाची आणि रुग्णालयाची आहे. कंत्राट संपलं की ती अडकून पडणार असेल, तर ते कंत्राटच चुकीचं आहे.

आणि गुप्तता. आमच्याकडे कोणाला एचआयव्ही आहे, कोणाच्या पोरीचा गर्भपात झाला, ही बातमी रिपोर्टच्या आधी गावात पोचते. इस्टोनियात रुग्णाला आपली नोंद कोणी उघडून पाहिली हे स्वतः ऑनलाइन बघता येतं. हाच हक्क आभावाल्या प्रत्येकाला हवा आणि तो मराठीत वाचता यायला हवा.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत रुग्णालयांच्या डिजिटल कामाला पैसे मंजूर होतील तेव्हा, जळगावचं सिव्हिल असो की धुळ्याचं हिरे महाविद्यालय, पहिला खर्च मनगटाच्या पट्ट्यांवर आणि वॉर्डातल्या स्कॅनरवर करा. दुसरा रात्रपाळीच्या सिस्टरांवर. तिसरा केसपेपरच्या खिडकीशेजारी एका मदतीच्या टेबलावर, जिथे बसणाऱ्याला अहिराणी आणि पावरी बोलता येते आणि ओटीपीवाचूनही नोंद करण्याचा अधिकार आहे. मोठा डॅशबोर्ड त्यानंतर घ्या.