आमच्या परसातले पाहुणे

ईलिंग, लंडन
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

ती. दादा आणि सौ. आई,

फोनवर मी "बाकी काय, थंडी" एवढंच म्हणते आणि दादा, तुम्ही "सविस्तर लिही" म्हणून फोन आईच्या हातात देता. तर हे सविस्तर. विषय दोनच आहेत, हवा आणि पाखरं. जानेवारीत इथे तिसरा विषय चालत नाही. शेजाऱ्यापाशी पगार, देव किंवा पोरांचे मार्क काढले की माणूस चहाचा कप घेऊन आत जातो. हवेचं काढलं की कुंपणाला टेकून अर्धा तास उभा राहतो, आणि तोही पावसात.

महिना सुरू झाला तेव्हा सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवत होता आणि चारच्या सुमारास मावळत होता. तुमचे जावई अंधारात जातात, अंधारात येतात. आपल्या घराला बाग आहे हे त्यांना शनिवारी कळतं. पहिल्या पंधरवड्यात तर कडाका होता. ११ तारखेला स्कॉटलंडमधल्या ऑल्टनहारा गावात पारा उणे १८.९ अंशांवर गेला. आमच्याकडे तेवढं नसलं, तरी पाखरांच्या पाण्याची थाळी रोज सकाळी दगडासारखी घट्ट. दादा, आपल्या मलकापूरच्या चोवीस तास पाण्याच्या योजनेचं कौतुक ऐकल्याशिवाय तुम्ही कुठल्या पाहुण्याला उठू देत नाही. इथे ते खातं माझ्याकडे आलंय. उठल्याबरोबर कोमट पाणी ओतून थाळी मोकळी करायची, तासाभराने पुन्हा बघायचं. मीटर नाही, पाणीपट्टी नाही, तक्रारी मात्र थेट खिडकीपर्यंत येतात.

मग २४ तारखेला वादळ आलं. त्याचं नाव एओविन. इथे वादळांची बारशी होतात. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्सची हवामान खाती मिळून सप्टेंबरात वर्षभराच्या नावांची यादी काढतात, ब्रिटन-आयर्लंडने २०१५ मध्ये सुरू केलेली ही पद्धत. आपल्याकडे वळवाने गोठ्याचे पत्रे उडवून नेले तरी त्याला नाव नसतं, नावं ठेवतात तेवढीच. ह्या एओविनने आयर्लंडच्या किनाऱ्यावर ताशी १८३ किलोमीटरचा विक्रम केला. उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या काही भागांत लाल इशारा होता. आमच्या वाट्याला नुसता वारा आला. त्यात आमचा कचऱ्याचा डबा समोरच्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्यांचा दोन घरं सोडून पुढे. सगळ्यांनी आपापले डबे ओळखून परत नेले. ह्या गल्लीतला तो सगळ्यात गर्दीचा सामाजिक कार्यक्रम ठरला.

आता पाखरांकडे येते. आई, तू बसून घे. इथे पाखरांना कारळे घालतात! तेच, ज्याची चटणी तू खलबत्त्यात कुटतेस. झाडं-कुंड्यांच्या दुकानात कारळ्याची पाच पाच किलोची पोती रचून ठेवलेली असतात आणि त्यात भारतातून आलेला मालही असतो. बारीक छिद्रांच्या नळीत ते भरून फांदीला टांगायचं. मग गोल्डफिंच नावाचे लाल तोंडाचे, पंखावर पिवळा पट्टा असलेले चिमुकले पक्षी हळदीकुंकवाला आल्यासारखे घोळक्याने येतात, शेजारणीला ढकलून जागा धरतात आणि खाली सांडून जातात. तुमच्या जावयांनी पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाले, "थोडं तव्यावर परतून बघूया का?" पिशवीवर 'माणसांनी खाऊ नये' असं ठळक छापलेलं होतं. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. त्या रात्री जेवताना त्यांनी पाखरांबद्दल एक अवाक्षर काढलं नाही.

खारी मात्र वैताग आणतात. रामाने पाठीवरून हात फिरवलेली आपली गरीब खार नव्हे. ही करडी, मांजराच्या पिल्लाएवढी, १८७६ साली अमेरिकेतून आणून इथे सोडलेली. शेंगदाण्याची जाळी उलटी लटकून रिकामी करते. कुणीतरी सांगितलं की पाखरांना तिखट लागत नाही, खारीला लागतं. ते खरंच आहे. मिरचीचा जाळ पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून तर रानातल्या मिरच्यांचं बी ते बिनदिक्कत खातात आणि लांब नेऊन टाकतात. हे कळल्यावर जावयांनी तू दिलेल्या लाल तिखटाचा डबा उघडला. वर्षाचं तिखट, आई! मी वेळेवर पोचले. पण माझ्याही आधी शेजारच्या आजीबाई कुंपणावरून ओरडल्या, की भुकटी पाखरांच्या डोळ्यांत जाते, असलं काही करायचं नाही. डबा वाचला. खार अजून येते.

ह्या आजीबाई ऐंशीच्या घरातल्या, आणि आमचं सगळं पाखरांचं शिक्षण त्यांच्याकडेच झालं. नाताळच्या कार्डावर बसतो तो तांबड्या छातीचा रॉबिन त्यांनीच ओळखून दिला. आपल्या चिरकाचा तांबडा रंग शेपटीखाली असतो, ह्याने तो छातीवर मिरवलाय. दिसायला गोजिरवाणा आणि स्वभावाने बांधाच्या भांडणातला. हिवाळ्यात नर आपली हद्द वेगळी राखतो, मादी आपली वेगळी, आणि दोघंही आपापल्या हद्दीत गाऊन एकमेकांना बजावतात. आईचं म्हणणं की इकडे लग्नं टिकत नाहीत. निदान रॉबिनची तरी वसंतात पुन्हा जुळतात.

एका सकाळी कर्कश आवाज करत हिरवागार थवा आला आणि सूर्यफुलाच्या बियांवर बसला. आपले राघू! आपल्या परड्यातल्या पेरूवर येतात तेच, गळ्यात गुलाबी पट्टा घातलेले. मला भरून आलं. तेवढ्यात आजीबाई कुंपणापलीकडून सुरू झाल्या, "हे बाहेरून आले. आधी चारदोन होते, आता बघा. आवाज केवढा करतात, घोळक्याने राहतात आणि इथल्या पक्ष्यांच्या ढोली बळकावतात." मी हातात चहा घेऊन ऐकत होते. त्यांची नजर माझ्याकडे गेली, मग माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे, आणि त्या रॉबिनच्या छातीइतक्या लाल झाल्या. "तुमच्याबद्दल नाही हं हे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ढोलींचं मला माहीत नाही, पण आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आमच्या घरीही तीच तक्रार असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी केक आणून दिला.

राघूंबद्दल इथे एक आख्यायिका आहे, की जिमी हेंड्रिक्स नावाच्या गिटारवाल्याने लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली आणि त्यांचा हा विस्तार. संशोधकांनी ते खोडून काढलंय. पिंजऱ्यातून निसटलेले राघू इंग्लंडात एकोणिसाव्या शतकापासून दिसतात आणि १९६९ पासून त्यांचा संसार मोकळ्यावर इथे कायमचा मांडला गेला. त्यांच्या जनुकांची तपासणी केली, तर मूळ बहुतेक पाकिस्तान आणि उत्तर भारतातलं निघालं. म्हणजे इथेही उत्तरेकडचेच पुढे, आपला राघू पेरूवरच बसून राहिला. दादा, यावर तुमचं भाषण होणार हे मला माहीत आहे. ते पत्रातून पाठवा, फोनवर नको.

आणि गंमत बघा, माण-खटावच्या बाभळीवर घुमतो तो गळ्यात काळी कडी असलेला होलाही इथे आहे. त्याला कुणी आणलं नाही. तो युरोपातून मजल दरमजल करत आपला आपण आला आणि १९५५ साली नॉरफोकमध्ये त्याने पहिलं घरटं बांधलं. आजीबाईंच्या लेखी तो अस्सल इंग्रज आहे. आला तेव्हा त्यांचं वय दहाबारा असेल, पण ते मी त्यांना बोलले नाही.

सगळ्यात मजा तर नॉर्वे-स्वीडनच्या पाहुण्यांची. फील्डफेअर, रेडविंग आणि तिकडचे काळे कस्तूर हिवाळ्यात इथे उतरतात, का, तर ऊब मिळावी म्हणून! लंडनला ऊब शोधायला येणारंही कुणी आहे जगात. आजीबाईंच्या सफरचंदाखाली पडलेली किडकी फळं ते मिटक्या मारत खातात. कोयनेच्या काठावर शेपटी हलवत फिरणारे धोबी आणि शाळूच्या कणसांवर पडणाऱ्या भोरड्या अशाच कुठल्या कुठल्या थंडीतून आपल्याकडे येतात. भोरड्यांना आपण गोफणीने हाणतो, तेवढा आदरातिथ्यातला फरक आहे.

२४ ते २६ जानेवारी हे इथे परसातली पाखरं मोजायचे दिवस होते. आरएसपीबी ही पक्ष्यांची संस्था हे करते. १८८९ मध्ये टोपीत पिसं खोवायच्या फॅशनविरुद्ध बायकांनी सुरू केलेली ही संस्था. मोजणी १९७९ साली टीव्हीवरच्या एका मुलांच्या कार्यक्रमातून सुरू झाली. काही शे पोरं भाग घेतील असं वाटलं होतं, ३४ हजारांवर कागद आले. आता पाच-सहा लाख माणसं मोजतात. नियम असा: एक तास बसायचं, जे जमिनीवर किंवा झाडावर उतरेल तेच धरायचं, वरून उडत गेलेलं नाही. आणि एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसतील तोच आकडा लिहायचा.

तुमच्या नातवाने पहिल्या दहा मिनिटांत चाळीस चिमण्या लिहिल्या. मी विचारलं, तर म्हणाला, तीच चिमणी पुन्हा आली तरी ती आलीच ना? दादा, तुम्ही कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलीत, तुमच्या रक्ताचा हा हिशेब! शेवटी तुमचा नियम सांगितला, की एका गाडीची पावती एकदाच फाटते. मग सहा चिमण्या राहिल्या. तरी ह्या देशाच्या यादीत चिमणीच वर्षानुवर्षं पहिली, १९७९ च्या मानाने निम्म्याहून कमी झाली तरी. राघू चार होते. आजीबाईंनी त्यांच्या कागदावर ते लिहिले की नाही ते मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाल्याची बातमी आली आणि तुमच्या जावयांनी आजीबाईंना कुंपणावरूनच सांगितलं, की आमच्या महाराष्ट्रात त्यांच्या वाढदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, पक्षी सप्ताह असतो. त्या म्हणाल्या, "मग तिकडची मोजणी कुठे आहे?"

म्हणून हे मुद्दाम लिहिते. १४ ते १७ फेब्रुवारीला जगभर अशीच मोजणी आहे आणि ती भारतातही होते. त्यात तास बसावं लागत नाही, पंधरा मिनिटं पुरतात. दादा, सकाळचा चहा ओट्यावर घ्या, तोंड पेरूकडे ठेवा आणि दिसेल ते वहीत मांडा. नाव येत नसेल तर रंग लिहा, मी शोधते. नोंद भरायचं काम भाच्याच्या मोबाइलवर करा. आई, तू त्या वेळी अंगणात धान्य पाखडायला घे, म्हणजे चिमण्या येतील. आणि दादा, आगाशिवाच्या डोंगरावरून जाणाऱ्या घारीही धरा, ह्या मोजणीत उडत गेलेलंही चालतं. यादी २० तारखेच्या आत माझ्याकडे पाठवा, आजीबाईंना दाखवायची आहे.

तुमची लेक