दोष काडतुसाचाच

माझा नेम उत्तम आहे. गोळी दहाच्या वर्तुळात जात नाही, हा काडतुसाचा दोष. हे मी घरात, चौकात आणि नागपूरच्या रेंजवर इतक्यांदा सांगितलंय, की रेंजवरचा पोरगा माझ्या टार्गेटचा कागद हातात देतानाच विचारतो, "आज कोणता डबा होता जी, सर?"

रायफल मामांची. बर्मिंगहॅमची बीएसए, मार्टिनी पद्धतीची, पॉइंट टू-टू. चापामागची दांडी खाली ओढायची, ठोकळा झुकला की एक काडतूस सरकवायचं, दांडी वर घ्यायची आणि चाप दाबायचा. एका वेळी एकच गोळी. त्यामुळे दोन गोळ्यांच्या मध्ये विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि माझं तिथेच बिघडतं. वर्ध्यात तिचं नाव सांगितलं की लोक म्हणतात, "बीएसए? ते तर सायकलवाले होय ना जी?" मग मी खुलतो. कंपनी 1861 साली बंदूक कारागिरांनीच काढली, सायकली आणि मोटरसायकली मागाहून आल्या, विलायती बीएसएच्या बिल्ल्यावर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या असतात... इथपर्यंत ऐकणारा बहुधा सायकल काढून निघून गेलेला असतो.

टू-टूचं काडतूस दिसायला किरकोळ. इंचभर लांब, गोळी शिशाची, 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून जराशी जास्त. पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतल्या घडीत भरलेला. 1887 सालापासून हे काडतूस जगात ढिगाने बनतंय, पण नेमबाजाला ढीग चालत नाही. नेमबाजीचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, म्हणजे सेकंदाला 340 मीटरच्या आत ठेवतात. वेगवान काडतूस आवाजाला मागे टाकून निघतं, पुढे धाप लागून पुन्हा त्याच्या खाली येतं, आणि त्या उतरणीवर गोळी डगमगते. शिवाय एकाच कारखान्याचे दोन लॉट सारखे वागत नाहीत, आणि प्रत्येक नळीला आपापला लॉट पटतो. मोठे नेमबाज रायफल घेऊन थेट युरोपातल्या कारखान्यात जातात. तिथे ती शिकंज्यात आवळतात, लॉटमागून लॉट झाडून बघतात, आणि जो जुळेल त्याच्या पेट्या उचलतात. आमच्याकडे पत्रिका बघतानाही एवढी चिकित्सा होत नाही.

पन्नास मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर. एवढ्याशा जागेसाठी ईली, लापुआ, आरडब्ल्यूएस ही नावं मी झोपेतही घेतो, असं घरून कळतं. पण बाहेरून काडतुसं मागवण्याची सवलत कायद्याने 'नामांकित नेमबाजां'ना आहे. मी नामांकित आहे असं माझं मत आहे. कायद्याचं अजून झालेलं नाही.

नागपूरच्या दुकानदाराने एकदा मला सरळच सांगितलं, "काका, विलायती विसरा. देशी आहे, घेता का?"

"कोणत्या लॉटचं?"

"काडतुसाच्या लॉटचं."

आणि हे सगळं कोणत्या जिल्ह्यात? ज्याच्या पुलगावात देशातला सर्वांत मोठा दारूगोळ्याचा साठा हजारो एकरांवर पसरलाय, त्या. माझ्या घरापासून रेल्वेने थोड्याच अंतरावर अख्ख्या सैन्याला पुरेल एवढा माल पडलेला आहे, आणि मी पन्नास काडतुसांच्या एका डबीसाठी नागपूरला हेलपाटे घालतो. आमचा जिल्हा 1970च्या दशकापासून दारूबंदीचा. ज्या वस्तूला बंदी आहे ती इथे फोन केला की घरपोच येते; ज्या वस्तूचा माझ्याकडे रीतसर परवाना आहे, तिच्यासाठी मात्र दर वेळी परवान्याचं पुस्तक काखोटीला मारून निघावं लागतं.

आमचे शेजारी गुरुजी सेवाग्रामला प्रार्थनेला जाणारे. "बापूंच्या जिल्ह्यात बंदूक बाळगता?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याची मी इतकी तयारी केली आहे की तेवढी नेमाची केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. बापू सेवाग्रामला राहायला आले 1936 साली. त्याआधी 1918 साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात ते सैन्यभरती करत गावोगाव हिंडत होते. त्या वेळच्या पत्रकात त्यांनी भारतीयांची शस्त्रं काढून घेणारा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांमध्येही सर्वांत काळा ठरवला होता. आत्मकथेत त्यांनी हे स्वतःच नोंदवलंय. तो कायदा 1878 चा. म्हणजे गुरुजी, माझा परवाना हा एका अर्थी बापूंच्या तक्रारीचा निकाल आहे! गुरुजी चष्मा पुसतात. मग मी दादासाहेब मावळंकरांना पुढे करतो. अहमदाबादचे वकील, बापूंचे सहकारी, सत्याग्रहात तुरुंग भोगलेले, पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. या माणसाने 1951 साली काय केलं? राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली आणि तिचं पहिलं अध्यक्षपद घेतलं. आजही राष्ट्रीय स्पर्धेआधी जी चाळणी लागते ती मावळंकर स्पर्धा. खादी आणि रायफल एकाच खांद्यावर नांदली आहेत, गुरुजी! अहिंसेला नेम वर्ज्य नाही! एवढं बोलून मी थांबतो, कारण टाळ्यांसाठी जागा ठेवावी लागते.

गुरुजी चष्मा डोळ्यांवर चढवतात. "ते सारं खरं. काल तुमची गोळी कुठं लागली?"

1 ऑगस्ट 2024 ला मात्र दिवस माझा होता. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, आणि मी कॉलनीभर पेढे वाटले. प्रत्येक घरी आवर्जून सांगितलं, त्याची रायफल आणि माझी रायफल एकाच बोराची. लोक मान डोलवत होते. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बोर एकच ना हो?"

"एकच."

"मग?"

मामांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांची जुनी काडतुसं होती. लेबल गळालेलं, शिसं पांढरं पडलेलं. सोबत त्यांचे टार्गेटचे कागद. प्रत्येकावर पेन्सिलने तारीख, वाऱ्याची दिशा, लॉट नंबर. चांगल्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशीही तेवढंच. चुकल्याचं कारण एकाही कागदावर लिहिलेलं नाही. मामा गेल्यावर त्यांची आठवण मला कशाने इतकी आली नव्हती.

ती काडतुसं झाडून बघायचा मोह मला झाला. हाच तो जुळलेला लॉट असणार, या विचाराने रात्री झोप येईना. मग पुलगाव आठवलं. 2016 च्या मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री तिथलं एक कोठार पेटलं. जुन्या सुरुंगांमधून स्फोटक झिरपत होतं. आग विझवायला धावलेले जवान त्यात गेले आणि आगरगावसारख्या गावांतली माणसं पोरंबाळं उचलून अंधारात घराबाहेर पडली. नोव्हेंबर 2018 मध्ये जवळच सोनेगावला निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात पुन्हा स्फोट झाला. त्यात गेली ती बरीचशी रोजंदारीची माणसं. जुन्या मालाशी खेळायची हौस मला परवडते, कारण माझी रोजी त्यावर चालत नाही. आमच्याकडे पुलगावचं नाव निघालं की आजही कुणीतरी आधी आकाशाकडे बघतं. त्याबद्दल मला विनोद सुचत नाही आणि सुचू नये.

डबा मी परवानाधारक दुकानात जमा केला. कागद ठेवून घेतले.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या माळ्यावर आजोबांचा असा डबा सापडला तर तो हलवू नका, ठोकून बघू नका, भंगारवाल्याला देऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. मला तर मुळीच पाठवू नका, पोस्टाने तर नाहीच. मात्र एखाद्या परवानाधारक दुकानात मॅचचा ताजा, सीलबंद माल दिसला, तर दुकानाचं नाव तेवढं कळवा. लॉट नंबरसकट.