सहा चौरस, सात पट्ट्या

शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास सुरू झाला की घरातली मोठी माणसं हवेत तळहात दुमडताना दिसू लागतात. पाहुण्यांना वाटतं, कुणीतरी भरतनाट्यमचा क्लास लावलाय. प्रकरण असतं घनाच्या घडणीचं. कागदावर सहा चौरस, प्रत्येकात एकेक चिन्ह, आणि प्रश्न असा की ठोकळा केल्यावर चांदणीच्या समोर काय येईल? कागद दुमडून बघायची सोय नाही. घडी डोक्यातच घालायची. डोक्यात जागा नसेल तर हवेत.

माझी भाची मात्र हात हलवत नाही. ‘‘मामा, सरळ रांगेत एक सोडून पुढचा जो चौरस, तो समोर येतो. लागून असलेला कधीच समोर येत नाही.’’ हा नियम मला ऐकताक्षणी पटला, कारण आमची सोसायटी त्यावरच चालते. भिंतीला भिंत असलेल्याशी वाटीभर साखरेचे संबंध आणि त्याच्या पलीकडच्याशी पार्किंगवरून कायमचा उभा दावा.

सहा चौरस कडेला कडा लावून मांडायचे 35 प्रकार आहेत. फिरवून किंवा पालथे घालून तेच दिसणारे एकदाच मोजायचे. त्यातल्या फक्त 11 जणांचा घन होतो. आपल्याकडे 35 म्हणजे काठावर पास. इथे 35 परीक्षेला बसले आणि निकाल जेमतेम 31 टक्के! नापासांच्या तऱ्हा ओळखीच्या आहेत. पाच जण एका रांगेत उभे राहिले, तर पाचवा गोल फिरून नेमका पहिल्याच्या अंगावर येतो आणि एक बाजू उघडी ती उघडीच. दोनावर दोन असा चौघांनी अड्डा जमवला, तर मधल्या बिंदूभोवती चार काटकोन भरतात. 360 अंश पुरे झाले, मग कागद उठेल कशाला? घनाच्या कोपऱ्यात तीनच काटकोन मावतात, म्हणजे 270 अंश. नव्वद अंशांचं नुकसान सोसल्याशिवाय कोपरा उभाच राहत नाही.

ठोकळे असे उलगडून कागदावर मांडायची हौस जुनी आहे. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररनं 1525 साली मोजमापावरच्या आपल्या पुस्तकात घनाकृतींच्या घडणी छापल्या. पण छापणं वेगळं आणि चिकटवणं वेगळं. घनाला कडा बारा. सहा चौरस एकमेकांना धरून ठेवायला पाच घड्या लागतात. उरल्या सात कडा, त्या डिंकाच्या भरवशावर. त्यामुळे कुठलीही घडण निवडा, चिकटवायच्या पट्ट्या सातच. पर्याय अकरा, सुटका एकातही नाही.

पहिल्या चार पट्ट्या संसारी माणसासारख्या निमूट बसतात. खरी भूमिती झाकणापाशी सुरू होते. शेवटची पट्टी आतून दाबून धरायला हवी आणि ती दाबणारी सगळी बोटं तर बाहेर. बाहेरून दाबावं तर ठोकळ्याचं पोट आत जातं. सोडावं तर झाकण बोटाबरोबर वर येतं. गणिताच्या पुस्तकात या क्षणाचा उल्लेख नसतो, कारण तिथला घन ‘समजा’ या शब्दावर उभा असतो. आमच्या घरी अशा वेळी भाचीची मामी न बोलता सेलोटेप आणून ठेवते. ‘समजा’नंतर मानवजातीला लागलेला मोठा शोध तोच असावा.

भाचीनं मात्र मुळावरच घाव घातला. ‘‘झाकण कशाला हवंय? पाचच चौरस घेऊ, पेन्सिली ठेवायला डबा होईल.’’ हिशेब केला तर पोरगी बरोबर. पाच चौरसांच्या मांडण्या 12 आणि त्यातल्या 8 जणांचा बिनझाकणाचा डबा होतो. पट्ट्या सातावरून चारावर येतात आणि हात शेवटपर्यंत आत जातो. निकाल एकदम 66 टक्क्यांच्या वर, म्हणजे फर्स्ट क्लास! विद्यार्थी जास्त हुशार झाले नाहीत, एक बाजू अभ्यासक्रमातून वगळली, इतकंच. निकाल उंचावण्याची ही युक्ती आपल्याकडे डिंकाशिवायही पूर्वीपासून चालते.