घाटाखालचे प्रोफेसर

प्रोफेसरांनी आयुष्यात कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नाही. पण जादूच्या धंद्यात नावाआधी 'प्रोफेसर' लावायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि एकदा लावलं की गावचे खरे प्राध्यापकसुद्धा 'सर' म्हणू लागतात. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर चिखली-मेहकर असो की घाटाखाली नांदुरा-जळगाव जामोद, शाळेचं गॅदरिंग किंवा मंडळाचा गणपती आला की ते बॅनरवर हजर. काळा कोट, कपाळाला दोन बोटं, डोळ्यांतून निघणाऱ्या पिवळ्या विजा. विजा फ्लेक्सवाल्याच्या. खाली बारीक अक्षरांत 'हा केवळ मनोरंजनाचा कार्यक्रम आहे'. ही ओळ 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा उगवली. त्याआधी तिथं 'सिद्धी' होती.

माईक हातात आला की प्रोफेसर थेट 1845 सालात जातात. हुगळीला एसडेल नावाच्या गोऱ्या सर्जननं, भुलीचं औषध हिंदुस्थानात यायच्या आधी, रोग्यांना मोहनिद्रेत घालून भल्यामोठ्या गाठी कापल्या, हे ते अशा थाटात सांगतात, की त्या वेळी कंदील धरून तेच उभे होते. गोष्ट मात्र खरी आहे. पुढच्या दोन तासांतली बहुधा एवढीच.

मग सगळ्या पोरांनी बोटांत बोटं गुंतवायची, डोळे मिटायचे. "आता हात सुटणार नाहीत!" बहुतेकांचे सुटतात. ज्यांचे सुटत नाहीत तेवढेच स्टेजवर. हात सोडवून शेजारच्याला चिमटा काढणाऱ्या पोराकडे प्रोफेसर ढुंकून पाहत नाहीत. त्यांना गुणी मुलं लागतात. समोर अख्खं गाव, पहिल्या रांगेत गुरुजी, आणि कोटातला माणूस म्हणतोय, झोप. गुणी पोरगं झोपणार नाही तर काय करील? बरं, ते नाटकच करतं असंही नाही. खाली उतरल्यावर विचाराल तर त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

या प्रयोगाचा कळस म्हणजे कांदा. गुंगीतल्या पोराला कच्चा कांदा द्यायचा, सफरचंद म्हणून खायला लावायचा आणि लोकांनी तोंडात बोटं घालायची. पुस्तकात असंच लिहिलेलं. पण पुस्तक लिहिणारा वऱ्हाडात आलेला नसावा. पोरगं कराकरा कांदा खातं आणि मागून कुणीतरी म्हणतंच, "यात काय हाय बाप्पा? आमी त रोज बुक्कीनं फोडून खातो. मंग आमी का झोपेत हाओत काय?" तेव्हापासून प्रोफेसर कारलं बाळगतात.

चिठ्ठ्या वाचण्यात त्यांचा हात खरा बसलेला. बंद पाकीट कपाळाला लावून आतला प्रश्न सांगायचा, मग पाकीट फोडून खातरजमा करायची. पहिली चिठ्ठी त्यांच्या भाच्याची ठरलेली. ती 'वाचून' पाकीट उघडलं की हातात येते दुसऱ्याची, आणि मग पुढच्या पाकिटावर हीच सांगायची. कायम एक घर पुढं. जगभरचे मनकवडे याच युक्तीवर पोट भरतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले असल्या युक्त्या शाळाशाळांतून उघड करून दाखवतात, याचं त्यांना फार दुःख. "फुकटात फोडतात हो!" पण त्यातले श्याम मानव स्वतः संमोहन शिकवतात, म्हणून त्यांचा उल्लेख आदरानं. एरवी प्रोफेसर स्वतःचाच तेवढा आदरानं करतात.

खरं म्हणजे चिठ्ठ्यांचीही गरज नसते. "तुमच्या घरात एक कागद अडकलाय." या वाक्यावर हात वर होणार नाही असा शेतकरी जिल्ह्यात दाखवा. फेरफार, पीकविमा, कर्जमाफी, काहीतरी असतंच. "पोरीच्या लग्नाचा घोर आहे." आहेच. "जवळच्या माणसानं बांधावरून त्रास दिला." इथं तर टाळ्या पडतात, आणि तो जवळचा माणूस दोन रांगा सोडून बसलेला असतो, तोही टाळ्या वाजवतो. सैलानीच्या यात्रेत मात्र प्रोफेसर खेळ लावत नाहीत. तिथं लोक दुखणं घेऊन येतात, एवढा धर्म ते पाळतात.

त्यांचं खरं वैर भेंडवळशी. तिथं अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं, झालंच तर देशाचंही भाकीत सांगतात आणि ते ऐकायला पत्रकार कॅमेरे घेऊन येतात. प्रोफेसरांच्या कार्यक्रमाची बातमी छापून यायची तर ती त्यांनाच लिहून द्यावी लागते, वर फोटोही.

कार्यक्रम संपला, पेटी भरली, की एखादा म्हातारा हमखास आडोशाला गाठतो. "सर, सोयाबीन आता विकू का ठिवू?"

"बाबा, हे मनोरंजन आहे. बॅनर वाचलं नाही का?"

"वाचलं. पन सांगा ना."

प्रोफेसर इकडंतिकडं पाहतात. कपाळाला दोन बोटं लावतात, डोळे मिटतात. बराच वेळ काही येत नाही. मग एक डोळा किलकिला करून हळूच विचारतात, "खामगावात आज काय भाव फुटला? माह्याबी घरी पडेल हाय."