श्रीमंत मल्टिप्लेक्स यांस पंडरीहून अर्ज

मुक्काम पंडरी, शहर रायपूर

वातानुकूलित, बहुपडदामंडित श्रीमंत मल्टिप्लेक्स यांचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपल्या पदार्पणाने या शहरातील सिनेमा पाहण्याच्या गावंढळ वहिवाटीचा जो कायमचा बंदोबस्त झाला, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्याचे कर्तव्य येथील मराठी रहिवाशांनी केव्हाच बजावायला हवे होते. परंतु नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात ठाण मांडून बसलेली आमची जमात ठराव मांडण्यात जितकी तत्पर तितकीच आभार मानण्यात कद्रू असल्यामुळे ती कामगिरी अखेर प्रस्तुत अर्जदाराच्या शिरावर आली आहे.

आपले पूर्वसूरी, म्हणजे बाबूलाल, शारदा, मनोहर, जयराम आदी टॉकीज, यांची वर्तणूक आपल्या कानी आलीच असेल. त्यांचा मुख्य अपराध असा की, आपला धंदा त्यांना चार भिंतींच्या आत ठेवता येत नसे. आत खेळ चाले तो एकच. बाहेर मात्र त्याच्या आधारावर पानठेला, गुपचुपची म्हणजे पाणीपुरीची गाडी, चणे-मुर्ऱ्याची टोपली, गाण्यांच्या चोपड्या विकणारा पोऱ्या, नव्या नायकाच्या सदऱ्याची कॉलर दुसऱ्या आठवड्यात हुबेहूब बेतून देणारा शिंपी आणि त्याच सदऱ्यात गिऱ्हाइकाला नायकाच्या ऐटीत उभे करणारा फोटोवाला, असा सगळा सरंजाम पोसला जाई. शेजारच्या भजीवाल्याने तो चित्रपट एकदाही पाहिलेला नसे. तथापि भिंतीपलीकडून झिरपणाऱ्या आवाजावरून कथानकाची प्रगती तो इतकी बिनचूक ओळखी, की मध्यंतरापूर्वीचे गाणे सुरू होताच कढई चुलीवर चढे आणि प्रेक्षक दाराबाहेर लोटेपर्यंत भज्यांचा पहिला घाणा परातीत पडलेला असे. समीक्षेचे खाते सायकल स्टँडवाल्याकडे होते. शुक्रवारी सायंकाळी सायकलींची रांग कुठवर पोचली एवढ्यावरून चित्रपटाचे आयुष्य तो सांगे, आणि वृत्तपत्रांतील विद्वानांच्या मानाने त्याचा निकाल अपिलात क्वचितच फिरे.

पंडरीच्या कापडबाजारात लग्नाचा बस्ता बांधून झाला की खेड्यातली मंडळी दुपारच्या खेळाला जात, आणि लुगड्यांचे ते गठ्ठे टॉकीजशेजारच्या एखाद्या ओळखीच्या दुकानात पावतीवाचून, मोबदल्यावाचून सुरक्षित राहत. हा व्यवहार कोणत्या कायद्यान्वये चाले, याचा खुलासा कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आपल्या दाराशी पिशव्यांची रीतसर झडती होते, हे किती सुधारणेचे लक्षण!

आता चित्रपट येथे येत कसे, तेही ऐकावे. रिळांच्या पेट्या रेल्वेने येत आणि त्यांचा हिशेब ‘सी. पी. बेरार’, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड, या वितरण-मंडलाच्या खात्यावर पडे. ज्या प्रांताचे नाव १९५० मध्ये आणि देह १९५६ मध्ये नाहीसा झाला, ज्याची राजधानी नागपूर महाराष्ट्राच्या वाट्याला गेली आणि ज्याचा हा पूर्वेकडील मुलूख पुढे २००० साली छत्तीसगढ म्हणून वेगळा निघाला, तो प्रांत चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी मात्र आपल्या वह्यांतून अजूनही बरखास्त केलेला नाही. त्यांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे ठाणेही थेट खानदेशात, भुसावळला. राज्य पुनर्रचना आयोगाला जे मराठी-छत्तीसगढी नाते ठेवता आले नाही ते सिनेमाच्या भाड्याने ठेवले, याबद्दल खरे तर कोणा वितरकास ताम्रपट द्यायला हवा होता.

या टॉकीजना प्रेक्षक निवडण्याचीही अक्कल नव्हती. १९६५ साली मनू नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ हा छत्तीसगढी भाषेतला पहिला बोलपट काढला, त्यात ब्राह्मण आणि दलित सतनामी यांच्या प्रेमाची कथा घातली आणि वर महंमद रफींकडून छत्तीसगढीत गाऊन घेतले. त्यावर गहजब झाला, तरी चित्रपट लागला तो असल्याच टॉकीजच्या पडद्यावर. पुढे राज्य जन्मास येत असतानाच सतीश जैन यांचा ‘मोर छइहां भुइयां’ निघाला, तेव्हा तर खेडीच्या खेडी शहरात उतरली. धमतरी-राजिमकडची ती डुलत येणारी छोटी रेल्वे आणि पंडरीचा बसअड्डा, हे या उपद्रवाचे दोन दरवाजे होते. सुदैवाने आता छोट्या रेल्वेच्या शहरातील वाटेवर एक्स्प्रेस वे अंथरला गेला आहे आणि २०२१ मध्ये बसअड्ड्याची भाठागावला बदली झाली आहे. तेव्हा शेवटची बस चुकू नये म्हणून शेवटच्या रिळाआधीच धोतर सावरीत उठणारा प्रेक्षक आपल्या मऊ खुर्च्यांना सहसा शिवणार नाही, याविषयी आपण निःशंक असावे.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर साक्षात सर्वोच्च न्यायालय आपल्या पाठीशी उभे आहे. ३ जानेवारी २०२३ च्या निकालाने बाहेरचे खाणे आत आणण्यास मनाई करण्याचा मालकाचा अधिकार मान्य झाला, आणि कोणी आत जिलेबी आणून खुर्चीला बोटे पुसली तर सफाईचा खर्च कोणी द्यायचा, अशी पृच्छा खुद्द सरन्यायाधीशांनी सुनावणीत केली. प्रश्न बिनतोड आहे. आमच्या जुन्या टॉकीजच्या खुर्च्यांवर जिलेबीच्या पाकाशिवाय इतरही पुष्कळ इतिहास साचलेला असे, आणि तो ढेकणांच्या ताब्यात असे, हे अर्जदार नाकबूल करीत नाही. पिण्याचे पाणी मात्र विनामूल्य द्यावे असे न्यायालयाने बजावले आहे. तेवढे कलम आपल्या पॉपकॉर्नच्या दरपत्रकाशेजारी ठळक अक्षरांत लावावे, ही पहिली विनंती.

दुसरी थोडी अडचणीची. जो मिळकत घेतो त्याच्याकडे कर्जही येते, असा आमच्या जुन्या मामलेदार कचेऱ्यांतला रिवाज होता. टॉकीजची गिऱ्हाइके आपण घेतलीत. तेव्हा टॉकीजच्या आश्रितांची जबाबदारीही वहिवाटीने आपणाकडे येते. आपल्या भिंती ध्वनिरोधक असल्याने कढई केव्हा चढवावी हे बाहेरच्या माणसास कळण्याचा मार्ग उरलेला नाही, आणि कळले तरी उपयोग नाही, कारण आपले मध्यंतर मॉलच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर सुरू होते व तेथेच संपते. तरी मध्यंतराच्या नक्की वेळा खालच्या फाटकावर रोज लावाव्यात आणि एक सरकता जिना तेवढा वेळ रस्त्याच्या दिशेने चालू ठेवावा, अशी दरखास्त आहे.

निकाल लेखी कळवावा. लिफाफा समोरच्या पानठेल्यावर दिला तरी मला पोचेल; मात्र अतिक्रमण हटविणारे पथक येण्यापूर्वी धाडावा.

आपला आज्ञाधारक,
एक माजी बाल्कनीधारक