कळविण्यास अत्यंत आनंद होतो की…

प्रथम अभिनंदन. कंपनीच्या अंतर्गत वार्तापत्राचे संपादक म्हणून तुमची निवड झाली आहे. ही निवड झाली तेव्हा तुम्ही शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होतात, हे मनाला लावून घेऊ नका. या पदावरच्या सगळ्या नेमणुका गैरहजेरीतच होतात. माझीही तशीच झाली. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेली नऊ वर्षं मी मूळ काम सांभाळून वार्तापत्र काढतो, म्हणजे वार्तापत्र काढून उरलेल्या वेळात मूळ काम करतो. त्या अनुभवाच्या बळावर हे चार शब्द.

आधी नाव. त्यासाठी कर्मचाऱ्यांत स्पर्धा घ्यावी लागते. ढीगभर नावं येतात, त्यातली निम्मी ‘स्पंदन’ असतात. परीक्षक मंडळ तीन बैठका घेऊन सरांच्या मनात पहिल्यापासून असलेलं नाव निवडतं. विजेत्याला पाण्याची बाटली द्यावी, तिच्यावर कंपनीचा लोगो असावा.

नाव काहीही ठेवलंत तरी धीर सोडू नका. या धंद्याचं कूळ मोठं आहे. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीला शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचं ते घरचं पत्रक. पुढे नावातली ‘खबर’ गळली, नांगर मागे राहिले आणि ‘किर्लोस्कर’ मासिक घरोघरी पोचलं. पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. म्हणजे कारखान्याच्या पत्रकातून मराठीतली तीन मासिकं उभी राहिली. तुमच्या अंकाचंही असं काही होईल का? नाही. शंकररावांना मजकूर मंजूर करून घ्यायला तिसऱ्या मजल्यावर जावं लागत नव्हतं.

मंजुरी ही या कामाची पंढरी आहे. वारी चुकत नाही. एक उदाहरण देतो. (अंक इंग्रजीत असतो, पण दुःख मराठीत सांगितलेलं बरं.) मी लिहिलं होतं, ‘कॅन्टीनमध्ये नवा आरओ बसवला आहे.’ एचआरने सुरुवातीला ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ जोडलं. लीगलने ‘नवा’ काढला. नवा म्हटलं की जुना खराब होता असा अर्थ निघतो. ॲडमिनला ‘बसवला’ फार कोरडं वाटलं, म्हणून ‘बसवण्याची प्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण करण्यात आली’ झालं. सरांनी स्वतः काही बदललं नाही, फक्त समासात ‘व्हिजन?’ एवढाच शब्द लिहिला. त्यावर दोन दिवस चर्चा होऊन आरओमागे व्यवस्थापनाची दूरदृष्टी घालण्यात आली. वाक्य अकराव्या दिवशी परत आलं, तोवर आरओ बंद पडला होता. तरी छापा. मंजूर झालेली बातमी खोटी ठरली म्हणून मागे घ्यायची झाली, तर त्यालाही मंजुरी लागते.

आता यादी. ‘ऑल एम्प्लॉईज’ या पत्त्यावर कुणालाही मेल टाकता येतो, हे आयटीकडून पहिल्याच दिवशी बंद करून घ्या आणि अंक पाठवताना पत्ता बीसीसीत टाका. हे न केल्यास काय होतं, ते खुद्द मायक्रोसॉफ्टला विचारा. १९९७ मध्ये तिथे ‘बेडलम डीएल३’ नावाची हजारो लोकांची यादी होती. आपण या यादीत कसे, असा प्रश्न पडून एकाने ‘मला यातून काढा’ असं सगळ्या यादीला लिहिलं. त्यावर ‘मलाही’, ‘मलाही’ अशी उत्तरं सुरू झाली, तीही सगळ्यांना. मग ‘कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका’ असं काही सुज्ञांनी सगळ्यांना कळवलं, आणि मेलची यंत्रणा कोलमडली. मेल-सर्व्हर विकणाऱ्या कंपनीची ही गत. आपल्याकडे ‘मलाही’ कुणी लिहीत नाही. आपल्याकडे ‘हॅपी बर्थडे’ असतं, केकच्या चित्रासकट, आणि दिवसभर.

सजावटीत फार जीव अडकवू नका. डिझायनर पोरगी तीन दिवस खपून सुंदर अंक करते. गोल कोपरे, एकमेकांवर तरंगणारी चित्रं. पण २००७ च्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवरच्या आउटलुकने मेल दाखवायला वर्डचं इंजिन धरलं. त्यातून गाळून आलेला अंक रेशनकार्डासारखा दिसतो. म्हणून आपणच आधी रेशनकार्डासारखा करावा, म्हणजे निराशा होत नाही.

मराठी पान वर्षातून एकदा, २७ फेब्रुवारीला. त्या आठवड्यात सरांनाही मराठीचा उमाळा येतो. लोक साहित्य पाठवतात, आणि निम्मं साहित्य जुन्या फॉण्टात टाइप केलेलं असतं. पाठवणाऱ्याच्या संगणकावर ती कविता असते. आपल्याकडे उघडली की रोमन अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि अर्धवट कंस यांची भेळ. युनिकोड म्हणजे काय, हे फोनवर समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. समोर कागद ठेवून स्वतः टाइप करा. आमच्या परचेसमध्ये एक ज्येष्ठ कवी आहेत, दर महिन्याला एक कविता देतात, फेब्रुवारीची वाट बघत नाहीत. त्यांची कविता मी तळाशी छापतो. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

कधी पाठवावं? तज्ज्ञ म्हणतात मंगळवारी सकाळी दहाला. तज्ज्ञ ठाणे-वाशी लोकलने येत नसावेत. आमची माणसं फोन बघतात ती गाडीत, आणि नीट उभं राहायला जागा होते ती ऐरोलीला गर्दी उतरल्यावर. घणसोलीला किंवा कोपरखैरणेला त्यांना स्वतःला उतरायचं असतं, पुढे शेअर रिक्षात चौथा माणूस म्हणून ड्रायव्हरशेजारी अर्धं बूड टेकून फोन काढता येत नाही. म्हणजे तुमच्या हातात ऐरोली ते घणसोली, मधलं एक रबाळे. त्यात सरांचं मनोगत बसत नाही. बसवायलाही जाऊ नका. ते सगळ्यात वर राहू द्या, लोकांचा अंगठा सरावलेला आहे.

ज्यांच्याकडे कंपनीचा मेलच नाही, त्यांचं काय? प्लान्टवरच्या ऑपरेटरांसाठी अंकाची छापील प्रत कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर लागते, इंग्रजीतच. १९४८ च्या कारखाना कायद्याने फाटकाजवळच्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावायला सांगितल्या होत्या. वार्तापत्राचं नाव त्या कायद्यात नव्हतं, ही पळवाट आमच्या लीगलने शोधली. फळ्याजवळ गर्दी असते खरी, पण शेजारी ओव्हरटाइमची यादी लागते.

आता खरा विषय, आकडे. तिमाही आढाव्यात तुम्हाला ओपन रेट विचारतील. मेलमध्ये एक बिंदूएवढं अदृश्य चित्र लपवलेलं असतं. ते सर्व्हरवरून उतरवलं गेलं की मेल ‘वाचला’ असं धरतात. गंमत अशी, की आउटलुक बऱ्याचदा चित्रं अडवून ठेवतं, त्यामुळे ज्याने अक्षर न् अक्षर वाचलं तो मोजला जात नाही. उलट २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली, ती चालू असली की फोन ही चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतो. मालक झोपलेला, फोन वाचतोय. आमच्या सेल्समध्ये सगळ्यांकडे आयफोन, म्हणून सेल्स हा आमचा सर्वांत वाचनप्रिय विभाग. आढाव्यात आकडा सांगताना चेहरा गंभीर ठेवावा.

खरा आकडा मला एकदाच कळला, आणि तो चुकीतून. जुलैच्या अंकात बसचं नवं वेळापत्रक होतं. डोंबिवलीच्या बसची वेळ घरडा सर्कलला ७.१० होती, माझ्या हातून ६.१० पडली. एचआर, लीगल, ॲडमिन, सर, कुणाच्याच नजरेला आली नाही. त्यांच्या सह्या असलेली प्रत माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. त्या महिन्यात ओपन रेट बहात्तर टक्के होता. त्या बसने चाळीसजण येतात. सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, धो धो पावसात, घरडा सर्कलला चारजण उभे होते.

चारपैकी दोघी नव्या ट्रेनी होत्या, त्यांना अजून सगळं खरं वाटतं. तिसऱ्याचं मला कळलं नाही. चौथे परचेसचे कवी. कविता छापून आली का बघायला त्यांनी अंक तळापर्यंत नेला होता, आणि वाटेत वेळापत्रक लागलं होतं.

दहाच्या सुमारास ते माझ्या टेबलाशी आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात मेलचा प्रिंटआउट, त्याचीही कड भिजलेली. मी उठून उभा राहिलो आणि माफी मागायला तोंड उघडलं.

“बसचं राहू द्या हो,” ते म्हणाले, “दुसऱ्या कडव्यात ‘नभी’चं ‘नाभी’ झालंय. तेवढं पुढच्या अंकात दुरुस्त करा.”